नागपूर ते रामटेक, वावरांच्या वाटेने: माउंटन बाइकच्या एका दिवसाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दर हिवाळ्यात हेच बघतो. दुपारचे दीड वाजलेले, कडुनिंबाखाली चांगल्यापैकी माउंटन बाइक आडवी पडलेली, शेजारी बसलेला माणूस सुन्न झालेले तळहात चोळतोय. बाटली रिकामी, सोबतची ट्यूबही पंक्चर, आणि नागपूर अजून पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सगळं सपाटच आहे, वाटलं सहज होईल."

या सपाट मुलखाचं खरं काय ते आधी समजून घ्या. घाटात चढ संपला की उतार येतो, पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो, हात मोकळे होतात. इथे पायडल थांबतच नाही. चार तास एकाच बैठकीत बसून तेवढंच बळ लावत राहायचं असतं. त्यात काळी माती, सराटे (जमिनीवर पसरणाऱ्या वेलीचे टोकदार काटे), समोरचा वारा आणि अकरानंतरचं ऊन. तयारी या चार गोष्टींची करायची, आणि ती सगळी घरून निघण्याआधी करायची.

उदाहरणासाठी धरलेली वाट अशी: नागपूर, कामठी, कन्हान, तिथून गावरस्त्यांनी आणि पांदणींनी (वावरांमधल्या बैलगाडीच्या वाटांनी) नगरधन, मग रामटेक, जमलं तर मनसर, आणि परत. किती पांदणी पकडता त्यावर अंतर अवलंबून आहे, पण जाऊन-येऊन 100 ते 110 किलोमीटर धरा. पहिल्यांदा जात असाल तर रामटेकला मुक्काम करून हे दोन दिवसांत करा, असा माझा आग्रह आहे. काटोल, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा या बाजूला जायचं असलं तरी पायऱ्या याच. फक्त धानाच्या बांध्यांऐवजी पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि संत्र्याच्या बागा लागतील.

1. आधी माती बघा, मग तारीख ठरवा

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा चांगला काळ. ऑक्टोबरात सोयाबीन निघालेलं असलं तरी पांदणी ओल्या असतात आणि कन्हानपलीकडच्या धानाच्या बांध्यांत पाणी असतं. मार्चच्या मध्यानंतर दुपारी उघड्यावर सायकल चालवणं धोक्याचं. एप्रिल-मे मध्ये तर या वाटेचं नावच काढू नका.

सगळ्यात मोठी चूक अवकाळी पावसानंतर होते. रात्री सर पडते, सकाळी आकाश निळंशार असतं, आणि लोक निघतात. आपल्या काळ्या मातीत पाणी शिरलं की ती फुगते आणि डिंकासारखी चिकटते. पहिल्या पन्नास पावलांत ती टायरवर चढते, पुढच्या पन्नासांत टायर आणि फोर्कच्या मधली जागा भरून टाकते, मग चाक फिरणंच बंद होतं. तेव्हा जोर लावून पायडल मारलं की चिखल मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्राला) ओढून स्पोकमध्ये घालतो आणि ते ज्याला लटकतं तो हँगर तुटतो. माझ्या सोबत्याचा असाच तुटला होता. पांदणीच्या तोंडाशी एक काका बैलांना पाणी पाजत होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "पांदणीनं नोका जाऊ जी, गारा आहे." गारा म्हणजे चिखल. आम्ही ऐकलं नाही. पुढचे चार-पाच किलोमीटर सायकल खांद्यावर होती.

मुरमाचा रस्ता पावसानंतर एका दिवसात चालू लागतो. काळ्या मातीच्या पांदणीला तीन-चार दिवस कडक ऊन लागलंच पाहिजे.

*तपासा:* पांदणीच्या तोंडाशी उतरून मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि हाताला चिकटला, तर मागे फिरा. दाबल्यावर भुगा झाला, तर जा.

तारीख ठरवताना रामटेकची त्रिपुरी पौर्णिमा आणि तिच्या आधीची वैकुंठ चतुर्दशी टाळा. शोभायात्रेला आणि जत्रेला गावात पाऊल ठेवायला जागा नसते. दर्शनाला जायचं असेल तर अवश्य जा, सायकल घेऊन नको.

2. सायकल: सगळं टायर आणि सीटवर अवलंबून आहे

महागडी सायकल लागत नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल उत्तम. मागेही सस्पेन्शन असलेली जड सायकल इथे फक्त ताकद खाते.

*टायर.* मोठ्या गुट्ट्यांचे टायर दुकानात दमदार दिसतात, पण या वाटेवर निम्म्याहून जास्त डांबर आहे आणि तिथे ते भुंग्यासारखे घुमत तुमचा दम काढतात. मधे बारीक आणि कडेला थोड्या मोठ्या गुट्ट्या असलेला, 2 ते 2.25 इंच रुंदीचा टायर घ्या.

*हवा.* ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. पेट्रोल पंपावर जाऊन टायर दगडासारखे टणक करून आणतात. मग पांदणीत सायकल ढेकळांवर उड्या मारते, आणि तळहात व कंबर दोन्ही जातात. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाने ट्यूबच्या टायरात डांबरावर 35 ते 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावं आणि पांदणीत शिरताना 26 ते 30 वर आणावं. वजन जास्त असेल तर तीन-चार पीएसआय वाढवा. त्याहून कमी केलं तर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. यासाठी प्रेशर दाखवणारा छोटा हातपंप लागतोच. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं वर्षानुवर्षांच्या सवयीनंतर जमतं, तोवर काट्यावर भरवसा ठेवा.

*सीटची उंची.* सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल पार खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. पाऊल नेहमीसारखं ठेवल्यावर गुडघ्यात हलकासा वाक आपोआप येतो. आपल्याकडे बहुतेकांच्या सीट तीन-चार सेंटीमीटर खाली असतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे असतात. शहरातल्या सिग्नलला ते ठीक आहे. 100 किलोमीटरमध्ये त्याची किंमत गुडघे मोजतात.

*सस्पेन्शन.* लॉकआउट, म्हणजे सस्पेन्शन बंद करायची कळ, असेल तर सस्पेन्शन डांबरावर बंद, पांदणीत चालू. उघडं ठेवून डांबरावर चालवलं की प्रत्येक पायडलचा थोडा जोर फोर्क गिळतो.

*ब्रेक आणि चेन.* पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदला. चेनला कोरडा ल्युब लावा आणि वरचं तेल फडक्याने पुसून काढा. ओली चेन इथली धूळ ओढून घेते आणि त्याचा खरखरीत लेप होतो.

*तपासा:* निघण्याच्या किमान चार दिवस आधी याच सायकलवर, याच सीटच्या उंचीवर, 40 किलोमीटर सलग चालवा. नवीन सीट, नवीन बूट, नवीन पँट, काहीही पहिल्यांदा मोठ्या राइडला वापरू नका.

3. नकाशा: पांदण कुठे निघते हे घरीच बघा

रामटेकला जायचा सरळ रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44, जबलपूरचा रस्ता, आणि मनसरहून उजवीकडे. नकाशाचं ॲप तोच दाखवतं आणि लोक तोच धरतात. मग ट्रकच्या वाऱ्यात दिवस जातो, वावर लांबूनच दिसतं. माउंटन बाइक घेऊन तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

त्याऐवजी कन्हानपर्यंत मोठा रस्ता, तिथून तारसा रस्त्याने पूर्वेकडे, आणि पुढे डावीकडे म्हणजे उत्तरेला नगरधनच्या दिशेने फुटणारे गावरस्ते. यातले कोणते घ्यायचे ते उपग्रहाच्या चित्रावर ठरवा, कारण साध्या नकाशावर डांबरी रस्ता आणि बैलगाडीची वाट एकसारखीच रेघ दिसते. चित्रात काळपट एकसारखी रेघ म्हणजे डांबर, लालसर म्हणजे मुरूम, मधे गवताची हिरवी पट्टी आणि दोन बाजूंना दोन फिक्या रेघा म्हणजे बैलगाडीची पांदण. रेघ एखाद्या विहिरीपाशी किंवा गोठ्यापाशी संपत असेल तर ती कुणाच्या तरी वावराची खासगी वाट आहे, तिकडे जायचं नाही.

रेघ नाल्याला छेदते तिथे चित्र मोठं करून बघा. रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) दिसला तर ठीक. नुसती रेघ पाण्यात शिरून पलीकडे निघत असेल, तर जानेवारीपर्यंत तिथे गुडघाभर पाणी असू शकतं.

वाट फोनमध्ये ऑफलाइन साठवा आणि कागदावर गावांची नावं क्रमाने लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडला तर लोकांना गावाचं नावच विचारता येतं.

विचारण्याचीही रीत आहे. "रामटेक कुठे?" विचारलं तर बोट महामार्गाकडेच जाईल, कारण शहरातल्या माणसाला चांगला रस्ता दाखवणं हे समोरच्याचं सौजन्य आहे. "काका, ही पांदण पुढं नगरधनला निघते का वावरातच संपते? नाल्यात पाणी आहे का?" असं विचारा. उत्तरात किलोमीटर ऐकू नका, खूण ऐका: पिंपळ, टाकी, शाळा, मारुतीचं देऊळ. "जवळच आहे जी" याचा अर्थ एक किलोमीटरही असतो आणि सहाही.

4. सामान: कमी, पण हे सुटायला नको

दोन जादा ट्यूब (एक नव्हे), पंक्चर पट्ट्या आणि सोल्युशन, टायर उचकटायच्या दोन लिव्हर, हातपंप, चेन ब्रेकर (चेनची कडी सोडवायचं हत्यार) असलेला मल्टिटूल, चेनची एक जोडकडी, डिरेलरचा जादा हँगर, जाड टेपचे दोन हात, आणि बारीक चिमटा. चिमटा नंतर कळेल. ट्यूबचा व्हॉल्व बारीक फ्रेंच पद्धतीचा असेल तर पितळी ॲडॅप्टर घ्या. गावातल्या पंक्चरच्या दुकानात मोटारसायकलचीच हवा असते, ॲडॅप्टरशिवाय दुकानदार इच्छा असूनही काही करू शकत नाही.

पाणी 2 लिटर, सकाळच्या थंडीत तहान लागत नसली तरी. दर वीस मिनिटांनी दोन घोट, घड्याळ बघून. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. खायला केळी, गूळ-शेंगदाणे, तिळाची चटणी लावून गुंडाळलेल्या पोळ्या. हिवाळ्यात संत्री तर हवीतच, पण सालं पिशवीत परत.

सकाळी निघताना तर्री-पोहे खायचा मोह होतो. नका खाऊ. त्या तर्रीचं तेल आणि तिखट वीस किलोमीटरनंतर छातीशी येतं. ती प्लेट परतीसाठी राखून ठेवा.

पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गॉगल, रुमाल. ओळखपत्र, थोडी सुटी रोकड. फोनवर 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे आकडे घरच्या नंबरांशेजारी ठेवा.

5. पहिला टप्पा: शहर ओलांडून कन्हानपर्यंत

डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. निघा सहाला, दिवे लावून. कामठी रस्ता सातच्या आत पार करायचा, कारण त्यानंतर शाळेच्या बस, ऑटो आणि ट्रक एकदम येतात. उड्डाणपुलावर चढू नका, खालचा रस्ता धरा.

या 20 किलोमीटरमध्ये घाई करू नका. थंडी, मोकळा रस्ता आणि ताजे पाय, त्यामुळे सगळे जोरात सुटतात आणि दुपारी त्याची फेड करतात. पायडलचा वेग मोजा: एका पायाचे 15 सेकंदांत 20 फेरे, म्हणजे मिनिटाला 80. फेरे 15 पडत असतील तर गिअर जड आहे, हलका करा. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे.

कामठीनंतर कन्हान नदीचा पूल. पुलाच्या जोडपट्ट्यांतून टायर सरळ न्यायचा. त्यापुढे कोळशाच्या खाणींच्या ट्रकची ये-जा आहे. नाकावर रुमाल बांधा आणि ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका: मागची धूळ डोळे मिटायला लावते आणि पुढचा खड्डा दिसत नाही. रेल्वे फाटकात रूळ काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर पुढचं चाक रुळाशेजारच्या फटीत बसतं, आणि पहाटेच्या दवात रूळ साबणासारखे असतात.

*तपासा:* कन्हानला थांबून दहा मिनिटं घ्या. एक केळ, पाणी, टायरवर हात फिरवा, आणि हवा पांदणीच्या मापावर आणा. तळहाताला आत्ताच मुंग्या येत असतील तर सीटचं पुढचं टोक खाली झुकलेलं आहे. ते समपातळीत करा.

6. दुसरा टप्पा: गावरस्ता आणि पांदण

खरी मजा इथून सुरू होते, आणि चुकाही इथूनच.

*चाकोरी.* बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी ओल्या मातीत कोरलेल्या आणि मग वाळून विटेसारख्या झालेल्या या घळी. नियम एकच: चाकोरीत असाल तर तिच्यातच राहा, बाहेर असाल तर बाहेरच. मधूनच तिरकं निघायला गेलं की पुढचं चाक काठावर घासत राहतं आणि माणूस कडेला पडतो. निघायचंच असेल तर थांबून उतरा. आत असताना चाकाकडे बघू नका. आठ-दहा मीटर पुढे बघा, सायकल नजरेमागे जाते.

*भेगा.* जानेवारीनंतर काळी माती भेगाळते. आडव्या भेगेवरून चाक जातं. वाटेच्या दिशेने गेलेली उभी भेग टायर गिळते. अशी भेग दिसली की गवताच्या मधल्या पट्टीवर या, पण गवतात दगड लपलेला असतो, म्हणून वेग कमी.

*रेती आणि फुफाटा.* नाल्याच्या काठी किंवा वीटभट्टीजवळ पीठासारखी धूळ साचते. एक गिअर हलका करा, वजन मागे न्या, हँडल सैल धरा, पायडल थांबवू नका. पुढचा ब्रेक दाबलात की पडलात.

*बैठक.* दर दहा मिनिटांनी सीटवरून उठून वीस-तीस फेरे उभ्याने मारा. इथे चढ तुम्हाला उठवत नाही, म्हणून आठवणीने उठायचं. आठवणीची सोय म्हणून मी प्रत्येक विहिरीला उठतो.

*वारा.* हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो आणि रामटेकही तिकडेच आहे. जाताना समोरून येणार हे धरून चाला. वेग बघून मन खट्टू करू नका, फेऱ्यांचा ताल राखा. तिघं-चौघं असाल तर एकामागे एक, दोन-दोन मिनिटांनी पुढचा माणूस बाजूला होऊन मागे. पांदणीत मात्र अंतर ठेवा, कारण पुढच्याच्या चाकामागची चाकोरी तुम्हाला दिसत नाही.

*वावराची मर्यादा.* रस्त्यावर धान, सोयाबीन, तूर वाळत घातलेली असते. त्यावरून सायकल नेऊ नका. मोकळी कड असेल तर तिच्यावरून, नसेल तर उतरून, सायकल उचलून जा. वर्षाची कमाई तिथे पसरलेली असते. वर, दाण्यांवर चाक घसरतं ते वेगळंच. एकदा मी सायकल उचलून कडेकडेने निघालो, तर धान हलवणाऱ्या आजींनी हातातला दाताळा बाजूला ठेवला, तणसाच्या ढिगाआडून पाण्याची कळशी काढली आणि माझी बाटली काठोकाठ भरून दिली.

समोरून बैलगाडी आली तर थांबा, खाली उतरा, बैलांना जाऊ द्या. चमकणारे दिवे आणि घंटी त्यांना बुजवतात. कुत्री धावली तर जोर मारून पळू नका. थांबा, सायकल मधे धरून उतरा, दोन शब्द दरडावून बोला. बहुतेक तिथेच थांबतात.

इशारा: रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारेत थेट वीज सोडलेली असते. बेकायदेशीर आहे, तरी असते, आणि माणसं गेली आहेत. पहाटे किंवा संध्याकाळी वावरातून आडवी वाट काढू नका. कोणत्याही तारेला हात लावू नका, ती वाकवून सायकल पलीकडे द्यायचा विचारही नको.

इशारा: रामटेकच्या आसपास पेंच प्रकल्पाच्या कालव्यालगतचा मुरमाचा रस्ता दिसला की जावंसं वाटतं. सिंचनाच्या कामासाठी केलेला तो रस्ता आहे, फाटक किंवा मनाईची पाटी असेल तिथे जाऊ नका. मोकळा असेल तर पाण्यापासून दूरच्या कडेने, एकामागे एक. सिमेंटच्या कालव्यात पडलेल्याला शेवाळलेल्या उतारावरून वर येता येत नाही.

7. पंक्चर: क्रम चुकला की दुसरं पंक्चर ठरलेलं

या वाटेवर पंक्चर होणारच. बाभळीचा काटा, बोरीचा काटा, तुरीचा आणि पऱ्हाटीचा तिरका कापलेला खुंट, आणि सगळ्यांत जास्त सराटा. रस्त्याची कड आणि पडीक जागा त्याने भरलेली असते. म्हणून फोटोसाठी सायकल गवतात आडवी टाकायची नाही, डांबरावर उभी करायची.

लोक चाक काढतात, नवी ट्यूब घालतात, हवा भरतात आणि निघतात. दोन किलोमीटरवर परत बसतात, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बरोबर क्रम असा:

सावलीत या. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान दातेरी चक्रीवर आणा, मग चाक काढा. टायरवरची छापील खूण व्हॉल्वशी जुळते का बघा, नसेल तर व्हॉल्वसमोर टायरला पेनाने रेघ मारा. ट्यूब काढून तिच्यात हवा भरा, भोक शोधा, आणि ट्यूब टायरशेजारी त्याच ठेवणीत धरा. भोक व्हॉल्वपासून जिथे आहे, टायरमध्ये काटा तिथेच आहे.

आता टायरच्या आतून हात फिरवा. उघडं बोट नको, रुमाल फिरवा: सराट्याचं टोक रुमालाच्या धाग्यात अडकतं, बोटात घुसत नाही. बाहेरून बघितलं तर सराट्याचं डोकं घासून गेलेलं असतं आणि रबरात एक फिकट ठिपका तेवढा दिसतो. तो ठिपका चिमट्याने धरून ओढा. एक सापडला म्हणून थांबू नका. सराटे एकटे येत नाहीत, पूर्ण गोल तपासा.

नव्या ट्यूबमध्ये फुंकरीइतकी हवा भरून तिला आकार द्या, मग बसवा. टायरची शेवटची कड लिव्हरने नव्हे, अंगठ्यांनी चढवा. लिव्हरने ट्यूब चिमटून नवं भोक पाडणं ही नवख्यांची ठरलेली चूक. थोडी हवा भरून दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघा, मग पूर्ण भरा.

जुन्या ट्यूबला पट्टी तिथेच लावून टाका. घासा, सोल्युशन लावा, ते ओलं चमकणं थांबेपर्यंत थांबा, मगच पट्टी दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेली पट्टी सुटते.

ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) असेल तर सराट्यांचा त्रास जवळजवळ संपतो. पण सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी चाक कानाशी हलवून आत द्रव आहे का ऐका.

8. नगरधन, रामटेक, मनसर: इथे सायकल कुठे थांबते

नगरधनला साडेनऊच्या सुमारास पोहोचायला हवं. साडेदहा उलटून गेले असतील तर किल्ला परतीवर सोडा किंवा दुसऱ्या दिवशी बघा, आणि सरळ रामटेक गाठा. तिथून ते दहा किलोमीटरच्या आत आहे.

वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे हेच नगरधन, आणि मनसरच्या टेकडीवरही उत्खननात जुन्या विटांची बांधकामं निघाली आहेत. तासन्‌तास सपाटीवर चालवल्यावर एखादा उंचवटा दिसला की माउंटन बाइकवाल्याचा हात शिवशिवतो, हे मला माहीत आहे. तरी किल्ल्याच्या तटावर, मनसरच्या विटांवर, शेजारच्या मातीच्या टेकाडावर चाक चढवायचं नाही. दीड हजार वर्षं टिकलेली वीट गुट्ट्यांच्या टायरने एका हिवाळ्यात भुगा होते. प्रवेशाशी सायकल कुलूप लावून उभी करा आणि पायी फिरा. ज्या टेकाडावर पाटी नाही तिथेही हेच.

रामटेकला दिवसातला एकमेव खरा चढ आहे, गडमंदिराचा. वर जायला गाडीरस्ता आहे. सगळ्यात हलक्या गिअरवर, बसून, न घाई करता चढा. गडावर माकडं हँडलची पिशवी उघडतात, खाऊ खालीच ठेवा किंवा पाठीवरच्या पिशवीत बंद करा. उतरताना भाविक, गाड्या आणि वळणं तिन्ही आहेत. दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबत या, सलग दाबून धरू नका, वळणाआधी वेग कमी करा, वळणात नव्हे. पाय कापत असतील तर सायकल खाली गावात ठेवून अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी जा.

इथे पोटभर जेवून अर्धा तास सावलीत पडा. जड जेवण करून लगेच निघू नका.

*तपासा:* मनसरला जायचं की नाही, हे इथे ठरवा. एक वाजून गेला असेल, पाणी एक लिटरहून कमी असेल, किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील, तर मनसर वगळा.

9. परती

डिसेंबरात साडेपाचनंतर सूर्य मावळतो. हिशेब उलटा करा: कन्हान साडेचारला गाठायचं, म्हणजे रामटेक दीडच्या आत सोडायचं. पांदणींचा हट्ट परतीला धरू नका. ज्या सकाळी बघून ठेवल्या त्याच घ्या, नवी वाट अजिबात नको. थकलेला माणूस चाकोरी चुकवू शकत नाही.

रामटेकच्या उत्तरेला पेंचचं जंगल आहे. संध्याकाळी त्या बाजूला, किंवा खिंडसी तलावाच्या काठी, रेंगाळू नका.

कन्हानपाशी टायरची हवा पुन्हा डांबराच्या मापावर आणा, दिवे उजेड असतानाच लावा. कामठी रस्त्यावर संध्याकाळची गर्दी सर्वांत वाईट, आणि तुम्ही सर्वांत थकलेले. समोरचं धूसर दिसू लागलं, चिडचिड होऊ लागली, किंवा गार घाम आला, तर ती साखर उतरल्याची खूण आहे. उतरा, गूळ खा, पाणी प्या, पंधरा मिनिटं बसा. तरीही बरं वाटलं नाही तर छोटा हत्ती किंवा ऑटो थांबवून सायकल त्यात टाका.

10. घरी आल्यावर, त्याच रात्री

अंघोळीआधी दहा मिनिटं सायकलला द्या. चेन कोरड्या फडक्याने पुसा. गाडी धुण्याच्या फवाऱ्याने सायकल धुऊ नका, त्या जोराने पाणी चाकाच्या मध्यावरच्या हबच्या बेअरिंगमध्ये शिरतं. चिखल असेल तर वाळू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या कापडाने पुसा.

मग दिव्याखाली चाक हळूहळू फिरवत दोन्ही टायर इंच-इंच बघा. जिथे फिकट ठिपका दिसेल तिथे चिमटा. काही सराटे अर्धेच घुसलेले असतात, दिवसभर ते भोक स्वतःच बुजवून बसलेले असतात. काढल्यावर फुस्स आवाज आला तर ट्यूब आत्ताच काढा आणि पट्टी लावा, कारण उद्या सकाळी ते टायर जमिनीला टेकलेलं असेल. मागच्या राइडनंतर माझ्या मागच्या टायरातून सात निघाले.